पाचवी आज्ञा, वैकुंठ आणि सासष्टी : पार्श्वभूमी

‘हत्या करू नको’ ही बायबलातल्या दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या लोकांना सविस्तर ऐकायला मिळाली ती बायबलाच्या भाषांतरातून नव्हे, मराठी ओव्यांतून. त्याआधी तालुक्यात पुष्कळ रक्त सांडले होते. १५६७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत देवळे मोडली गेली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक संघाचे पाद्री) आणि त्यांच्यासोबतचे लोक मारले गेले. मग पोर्तुगिजांनी बोलणी करायची म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि एखाददुसरा वगळता सगळ्यांना चौकशीविना ठार केले. आज्ञा घेऊन आलेल्यांच्या राज्यातच ती पाळली गेली नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पाद्र्यांना रोमने १८९३ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. नायकांचे स्मारक उभे राहायला एकविसावे शतक उजाडले.

पुढचा निर्णय आजही वादाचा आहे. ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेनंतर, १५६४ च्या नियमांनुसार, लोकभाषेतले बायबल वाचायलाही चर्चची परवानगी लागे. सासष्टीत राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने भाषांतराच्या वाटेला न जाता पुराण रचले. १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आरंभी नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो : आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही?

उत्तरादाखल आलेल्या कथेत स्वर्गाला वैकुंठच म्हटले आहे. काहींना हा धर्मांतराचा डाव वाटतो. हेतू धर्मप्रसाराचाच होता, यात शंका नाही. पण श्रोत्यांच्या बाजूनेही पाहावे. ज्यांचे आईबाप बाप्तिस्म्याविना गेले, त्यांना मरणानंतरचा प्रश्न घरातलाच होता. पुनर्जन्म नाही, एकच जन्म आणि मग निवाडा, हे ऐकताना निदान शब्द तरी ओळखीचे होते. ओवी निवडली हे योग्यच झाले, असे मला वाटते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या. बायबलातल्या काइनाने भावाला मारल्याची त्यातली कथा मात्र फारशी कोणी वाचली नाही.

१६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागा, असे बजावले. जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते मात्र टिकली, त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये तो देवनागरीत आला. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्स (चर्चमधली मुख्य उपासना) कोकणीत आली, बायबलही रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत आले.

मृतांविषयीची जुनी जाणीव मात्र घरांत टिकून राहिली. अनेक कॅथलिक घरांत लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात : गरिबांना पानावर बसवून घरातल्या गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. शेजारच्या हिंदू घरातल्या श्राद्धाशी या जेवणाचे नाते असावे, असे मला वाटते.