‘द एक्सॉर्सिस्ट’वर खरंच शाप होता का?
१९७३चा ‘द एक्सॉर्सिस्ट’ हा, सैतानाने पछाडलेल्या मुलीवरचा भयपट शापित होता, ही कथा पन्नास वर्षं फिरतेय. सेटला आग लागली, प्रदर्शनाआधीच दोन कलाकार गेले, म्हणजे सैतान जागा झाला! आग लागली होती, हे खरं. पण तिचं कारण सांगतात ते एका कबुतराचं: विजेच्या पेटीत शिरलं आणि शॉर्टसर्किट झालं. त्या दोन कलाकारांपैकी जॅक मॅकगाउरन फ्लू बळावून गेले. चित्रपटातल्या फादर कॅरस या धर्मगुरूची आई झालेल्या बाई तर चांगल्याच वयोवृद्ध होत्या.

खरी भीतीदायक गोष्ट वेगळीच. मुलीची थप्पड बसून आई मागे फेकली जाते तो प्रसंग आठवा. आई झालेल्या एलेन बर्स्टिन यांच्या कमरेला बांधलेली दोरी इतक्या जोरात ओढली की त्यांच्या पाठीला कायमची इजा झाली. पडद्यावरची ती किंकाळी अभिनय नाही. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी तोच शॉट ठेवला. याला शाप कसला म्हणायचा? सरळसरळ बेफिकिरी! आणि शाप तरी कसला अर्धवट: याच चित्रपटातले अभिनेते मॅक्स फॉन सीडो थेट २०२० साली, नव्वदीत गेले, बर्स्टिन २०२३च्या पुढच्या भागात त्याच भूमिकेत परतल्या.