स्वीटवॉटरचं विमानतळ, जिथं पोरी लष्करी विमानं उडवायला शिकल्या

पश्चिम टेक्ससमधल्या नोलन काउंटीत स्वीटवॉटर नावाचं गाव आहे. तिथलं अ‍ॅव्हेंजर फील्ड आज बघितलं तर अगदी साधं विमानतळ, छोटी खासगी विमानं ये-जा करतात, शेजारी टेक्निकल कॉलेज, बाकी सपाट माळरान आणि वारा. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी विमानं चालवणाऱ्या बहुतेक बायका इथंच तयार झाल्या, आणि त्यांचं जे झालं ते समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गावचं विमानतळ आधीपासून होतंच. १९४२ मध्ये ते लष्करी ट्रेनिंगसाठी गेलं आणि आधी ब्रिटिश, मग अमेरिकन पोरं तिथं शिकली. त्याच सुमारास पुरुष पायलट आघाडीवर हवे होते आणि कारखान्यातून निघालेली विमानं तळांवर पोचवायला माणसं कमी पडत होती, म्हणून जॅकलिन कॉक्रन या नावाजलेल्या रेसिंग पायलटनं ह्यूस्टनला बायकांचं ट्रेनिंग सुरू केलं, आणि फेब्रुवारी १९४३ पासून बॅचेस स्वीटवॉटरला यायला लागल्या. ऑगस्टमध्ये तिचा ग्रुप आणि नॅन्सी लव्ह या दुसऱ्या पायलटचा फेरी पायलटांचा, म्हणजे विमानं तळांवर पोचवणाऱ्यांचा ग्रुप एकत्र झाला, तीच वास्प (विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स). २५,००० च्या वर अर्ज आले, १,८३० जणी घेतल्या, १,०७४ पास झाल्या. या सगळ्यांकडे आधीच पायलटचं लायसन्स होतं आणि स्वीटवॉटरपर्यंतचं भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं होतं!

एका खोलीत सहा जणी, दोन खोल्यांत मिळून एक बाथरूम. ओव्हरऑल मिळाले ते पुरुषांच्या मापाचे, ४४ नंबरपर्यंतचे, मग बाह्या आणि पाय दुमडून कमरेला पट्टा आवळायचा. त्याला त्या झूट सूट म्हणायच्या, आणि धुवायचा झाला की अंगावर तसाच ठेवून शॉवरखाली उभं राहून साबण लावायचा. पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून खाली आली की बाकीच्या तिला उचलून आवारातल्या विशिंग वेलच्या, म्हणजे नाणं टाकून इच्छा मागायच्या कुंडाच्या पाण्यात टाकायच्या. ट्रेनिंग मात्र पोरांसारखंच, पीटी-१९, बीटी-१३, मग एटी-६ ही शिकाऊ विमानं, आणि चेक राइडला, म्हणजे परीक्षेच्या उड्डाणात नापास झाली की थेट घरी.

आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते. या बायकांना शिस्त लष्कराची, काम लष्कराचं, पण कागदावर त्या सिव्हिलियन. एकूण ३८ जणी मरण पावल्या. मार्च १९४३ मध्ये मर्केलजवळ, म्हणजे स्वीटवॉटरपासून फार लांब नाही, कॉर्नेलिया फोर्ट हवेतल्या टकरीत गेली, तीच जी पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या वेळी तिथंच आकाशात विद्यार्थ्याला शिकवत होती. अशी एखादी गेली की बॉडी घरी पाठवायचा खर्च लष्कर देत नव्हतं, मैत्रिणी आपसात वर्गणी काढायच्या. शवपेटीवर झेंडा ठेवायचासुद्धा हक्क नव्हता.

१९४४ मध्ये त्यांना लष्करात घ्यायचं बिल काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत पडलं. पुरुष पायलटांची गरज कमी होत चालली होती आणि काम गेलेल्या सिव्हिलियन इन्स्ट्रक्टर लोकांनी बिलाविरुद्ध जोर लावला होता. ७ डिसेंबरला अ‍ॅव्हेंजरवरची शेवटची बॅच पास झाली, २० डिसेंबरला वास्प बंद. तेरा दिवस फक्त. रेकॉर्ड्स कपाटात गेले आणि लोक विसरले, इतके की १९७६ मध्ये एअर फोर्सनं बायकांना पायलट करायचं जाहीर केलं तेव्हा तेच पहिल्यांदा होतंय असं सांगितलं गेलं. तेव्हा या बायका भडकल्या, पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये त्यांना व्हेटरन म्हणून मान्यता मिळाली. २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजरच्याच जुन्या हँगरमध्ये म्युझियम उघडलं, २०१० मध्ये काँग्रेसचं गोल्ड मेडल मिळालं. तरी २०१५ मध्ये त्यांच्या अस्थी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत ठेवायला नकार आला, घरच्यांनी परत लढा दिला, आणि मे २०१६ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे ते दार उघडलं.