रॅम्से भयपट

रॅम्से भयपट : मुंबईच्या रॅम्से कुटुंबाने १९७२ पासून १९९० च्या आसपासपर्यंत काढलेल्या कमी खर्चाच्या हिंदी भयपटांना सरसकट हे नाव दिले जाते. जुनी हवेली, तळघर, पुरलेले प्रेत, शाप, काळी जादू करणारा सैतान आणि शेवटी त्रिशूळ, हा त्यांचा ठरलेला ऐवज. या प्रवाहातला रक्तपिपासू सैतानाचा चित्रपट म्हणजे ‘बंद दरवाजा’ (१९९०). पडद्यावर आला तेव्हा तो इतर भयपटांच्या गर्दीतलाच एक होता. आज मात्र देशाबाहेरही त्याचे भक्त आहेत. सातारा जिल्ह्याशी या प्रवाहाचे नाते दुहेरी आहे. त्यातला पहिला भयपट महाबळेश्वरात चित्रित झाला आणि घाट उतरल्यावर माण-खटावच्या यात्रांत उभे राहणारे तंबू हे अशा चित्रपटांचे हक्काचे ठिकाण होते.

कुटुंब मूळचे कराचीचे, आडनाव रामसिंघानी. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे तिथे रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनाव बसेना, म्हणून त्याचे ‘रॅम्से’ झाले. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला दुकान थाटले आणि चित्रपटांत पैसा घालू लागले. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा त्यांचा चित्रपट पृथ्वीराज कपूर असूनही आपटला. त्यात सैतानाचा मुखवटा चढवून चोरी करण्याचा एक प्रसंग होता. गोळ्या झाडल्या तरी तो मुखवटेवाला पुढेच येत राहतो. सगळा चित्रपट पडला, पण त्या एका प्रसंगाला लोक खुर्चीत सावरून बसतात हे मुलांनी थेटरात जाऊन पाहिले आणि वडिलांना गळ घातली की पुढचा चित्रपट असाच, पण अथपासून इतिपर्यंत काढायचा.

मुलगे सात : कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी पाहणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, अशी कामे घरातच वाटली गेली. शिक्षण म्हणाल तर वडिलांनी त्यांना काश्मीरात हाउसबोटीवर नेऊन ठेवले आणि चित्रीकरणावरच्या एका इंग्रजी पुस्तकाची घोकंपट्टी करून घेतली. चित्रपटशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेचे तोंड न पाहिलेल्या या भावांनी पुढे दोन दशके एक अख्खा प्रकार जवळपास एकहाती चालवला, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

महाबळेश्वरातले काम. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) या पहिल्या भयपटाची गोष्ट साधीच आहे. पैशासाठी बायको आणि तिचे साथीदार शास्त्रज्ञ नवऱ्याला पुरतात आणि तो प्रेत होऊन परत येतो. सुरेंद्र कुमार, शोभना आणि इम्तियाज खान यांच्या त्यात भूमिका होत्या. खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये झाल्याचे सांगितले जाते. तो आवाक्यात राहिला तो चित्रीकरणाच्या पद्धतीमुळे. मुंबईत स्टुडिओ भाड्याने घेऊन सेट उभारण्याऐवजी सगळे युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला आणले आणि सरकारी विश्रामगृहात उतरवले. नटांनी कपडे आपापल्या घरचे आणले. सगळ्यांचा स्वयंपाक रॅम्सेंच्या घरच्या बायकांनी केला. राहण्याच्या जागीच चित्रीकरण, सकाळी उठले की कॅमेरा लावायचा आणि महिना-सव्वा महिन्यात गाशा गुंडाळून परत. पुढच्या बहुतेक रॅम्से भयपटांचा साचा इथेच पडला. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा नंतर त्यांच्या पडद्यावर दिसू लागला, पण आयती वास्तू गाठायची आणि तिलाच चित्रपटातले मुख्य पात्र करायचे, ही रीत महाबळेश्वरची.

ही जागाच अशा कामाला सोयीची होती. मुंबईपासून अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडे पुढे. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ती घेतली आणि गोऱ्या साहेबांसाठी थंड हवेचे ठाणे वसवले. त्यामुळे डोंगरावर एक विलायती गावच उभे राहिले. जांभ्या दगडाचे बंगले, उतरत्या छपरांचे व्हरांडे, १८३१ च्या सुमाराचे चर्च, साहेबांची दफनभूमी, १८३१ मध्ये इथेच वारलेल्या सर सिडनी बेकविथ यांचे टेकडीवरचे स्मारक. ड्रॅक्युलाच्या गोष्टीला जे सामान लागते ते ब्रिटिशांनी शंभर-दीडशे वर्षे आधीच इथे आणून ठेवले होते. त्यात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महिनोन्महिने न हलणारे धुके. पावसाळ्यात इथल्या बंगल्यांना झडपा बांधतात, म्हणजे कोळंब नावाच्या गवताचे विणलेले पडदे भिंतींना बाहेरून लावतात. झडपा बांधलेला बंगला दुपारी तीन वाजताही आतून काळोखा असतो. दरवाजे फुगतात, लागत नाहीत, लागले तर उघडत नाहीत. भयपटातल्या करकरणाऱ्या दाराची चेष्टा करणाऱ्याने आषाढात एकदा तिथे मुक्काम करावा.

महाबळेश्वराशी जोडलेला आणखी एक किस्सा श्याम रॅम्से यांच्या नावावर सांगितला जातो. १९८३ मध्ये ‘पुराना मंदिर’चे काम आटोपून ते गाडीने एकटेच महाबळेश्वरहून परतत होते. रात्री रस्त्यात एका बाईने हात केला. तिला गाडीत घेतले आणि थोड्या वेळाने तिच्या पायांकडे लक्ष गेले तर पावले उलटी. यातूनच ‘वीराना’ (१९८८) सुचला, असे म्हणतात. किस्सा खरा की प्रसिद्धीसाठी रचलेला, हा वाद घालण्यात हशील नाही. वाई-पाचगणीच्या पट्ट्यात उलट्या पावलांची हडळ ज्याने आजीकडून ऐकली नाही असा माणूस सापडणे कठीण. रॅम्सेंनी ती गाडीत बसवली, एवढेच.

‘बंद दरवाजा’. पाश्चात्त्य रक्तपिपासू पडद्यावर टप्प्याटप्प्याने घडत गेला. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या मूळ इंग्रजी कादंबरीतला रक्तपिपासू सरदार, म्हणजे काउंट ड्रॅक्युला, दिवसाही हिंडतो. सूर्यप्रकाशाने तो नाहीसा होतो ही कल्पना १९२२ च्या जर्मन मूकपटाची. १९३१ च्या अमेरिकन बोलपटातल्या बेला लुगोसीचे सुळे कधी दिसतच नाहीत. सुळे, लाल डोळे आणि रंगीत रक्त यांची चलती झाली ती १९५८ पासून, ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या क्रिस्टोफर लीमुळे. उपखंडात लाहोरने १९६७ मध्येच एक ड्रॅक्युला पडद्यावर आणला होता. रॅम्सेंनी घेतला तो हॅमरचा : काळा झगा, शवपेटी, वटवाघूळ, सुळे. त्याला नाव दिले नेवला, आणि मुक्काम दिला ‘काली पहाडी’वर.

नेवला झाला अनिरुद्ध अग्रवाल. हा डेहराडूनचा माणूस, रुडकीला शिकलेला स्थापत्य अभियंता. अंगाने विलक्षण उंच, चेहरा रुंद हाडाचा. रॅम्सेंनी त्याला ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये सामरी म्हणून आणले. त्या चित्रपटात राजा सामरीचे मुंडके धडावेगळे करून त्रिशूळाच्या पहाऱ्यात पेटीत ठेवतो आणि धड देवळामागे पुरतो. चित्रपट तुफान चालला आणि अग्रवालचा चेहरा गावोगाव पोचला. त्याच्या चेहऱ्याला रंगरंगोटी कमीच लागे. खालून एक दिवा लावला की काम भागायचे, आणि गंगू रॅम्से तो दिवा नेमका लावत. लाल-निळा-हिरवा रंगीत प्रकाश, खालून वर रोखलेला कॅमेरा, दाराच्या चौकटीत मावत नाही असा माणूस. ‘बंद दरवाजा’तली बरीचशी भीती एवढ्यावरच उभी आहे. संवादांवर भिस्त फार कमी.

तरीही हा चित्रपट हॅमरची नक्कल म्हणून मोडीत काढता येत नाही, आणि त्याचे कारण कथेच्या पहिल्या अर्ध्या तासातच सापडते. ठाकूर प्रतापसिंगाच्या घरी पाळणा हलत नाही. ठकुराइनीला घरातली मोलकरीण (अरुणा इराणी) गुपचूप काली पहाडीवर नेते. तिथला ‘महाराज’, म्हणजे नेवला, मूल देईल, पण अट अशी की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर त्याची. मुलगी होते. आई शब्द फिरवते. ठाकूर नेवल्याला मारतो. मुलगी काम्या (कुनिका) वाढते, तरुण होते, ज्याच्यावर जीव जडला तो (हशमत खान) दुसरीवर (मनजीत कुल्लर) प्रेम करतो म्हणून काळ्या जादूकडे वळते, आणि भक्तांनी पुन्हा उठवलेला नेवला आपले येणे वसूल करायला येतो.

विलायती काउंट घर विकत घ्यायला येतो, परक्या देशातून रोगासारखा येतो. नेवला कुठून येत नाही, तो डोंगरावर आहेच, लोकच त्याच्याकडे जातात. गोष्टीचा कणा आहे नवस. लेकरासाठी बोललेला आणि मग न फेडलेला. सातारा-सांगलीकडच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पौषात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईला, पालीला खंडोबाला, खरसुंडीला सिद्धनाथाला माणसे नवस फेडायला जातात, आणि राहिलेला नवस आडवा येतो हे घरातल्या मोठ्या बाया शेंबड्या पोरालाही सांगतात. देवाशी केलेला हा व्यवहार सैतानाशी केला तर काय, एवढा एकच प्रश्न ‘बंद दरवाजा’ विचारतो. मुलीला ‘देऊन टाकण्या’ची अटही या भागाला ऐकून माहीत नाही असे नाही. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चाल जतकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात होती आणि तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले. चित्रपटकर्त्यांच्या मनात हे होते असा दावा करण्याचे कारण नाही. पाहणाऱ्यांच्या मनात मात्र असणारच.

बाकी चित्रपटात दोष हवे तेवढे आहेत. विनोदी उपकथानक कथेची गाडी वारंवार थांबवते, आनंद-मिलिंद यांची गाणी कुठेही सुरू होतात, आणि बाईच्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो त्याचे समर्थन होऊ शकत नाही. रॅम्से भयपटांत वासना दाखवायची आणि मग तिला शिक्षाही द्यायची, असा दुटप्पी कारभार कायम चालतो.

तंबूतला प्रेक्षक. मोठ्या शहरांतली चकचकीत थेटरे हे रॅम्सेंचे गिऱ्हाईक नव्हतेच. पैसा यायचा तो तालुक्याच्या गावांतून आणि त्याहून लहान ठिकाणांहून. साताऱ्यात, सांगलीत असा प्रेक्षक यात्रेच्या तंबूत भेटे. पाऊस सरला की टुरिंग टॉकीजचे ट्रक निघत. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांचा नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, पौषात पाली. यात्रेच्या कडेला कापडी तंबू एकाशेजारी एक लागायचे. दिवसभर जीपवरचा भोंगा ओरडायचा. खाली जमिनीवर बसायचे, सतरंजी किंवा घोंगडे ज्याचे त्याने आणायचे, मधे दोरी, एका बाजूला बाप्ये आणि एका बाजूला बाया. रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि शेजारच्या तंबूतल्या हाणामारीचा आवाज आपल्या भुताच्या अंगावर चढायचा. खेळ रात्री सुरू होत ते पहाटेपर्यंत चालत. भयपटाला याहून चांगली वेळ कोणती? सुटल्यावर बॅटरीच्या उजेडात रान तुडवत वस्तीवर जायचे असे. वाटेत चकवा लागतो, ओढ्याच्या वडावर मुंजा असतो, शिवेवर वेताळाचे शेंदूर फासलेले दगड असतात. पडद्यावरचा सैतान या मंडळींत सहज सामावला.

महाराष्ट्रातल्या या तंबूंतल्या प्रेक्षकांची अमित मधेशिया यांनी काढलेली छायाचित्रे २०११ मध्ये जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत गौरवली गेली. तोवर तंबूंची संख्या खूपच रोडावली होती. आधी व्हिडिओ, मग केबल, मग मोबाइल असा तो उतार आहे.

पुढचा प्रवास. ‘बंद दरवाजा’ आला तेव्हा मोठ्या पडद्यावर रॅम्सेंचे दिवस भरत आले होते. व्हिडिओ कॅसेटने त्यांचा प्रेक्षक घरी बसवला, आणि मग तेच घरात शिरले. १९९३ पासून झी वाहिनीवर त्यांचा साप्ताहिक ‘हॉरर शो’ सुरू झाला. तंबू न पाहिलेल्या पिढीला रॅम्से माहीत आहेत ते यामुळे. केशू रॅम्से भुते सोडून हाणामारीच्या चित्रपटांकडे वळले आणि अक्षय कुमारच्या ‘खिलाडी’ मालिकेतल्या चित्रपटांचे निर्माते झाले. अनिरुद्ध अग्रवाल ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर म्हणून दिसला.

नव्या शतकात ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ एका परदेशी कंपनीने एकत्र डीव्हीडीवर काढले आणि नेवल्याचे चाहते युरोप-अमेरिकेत तयार झाले. त्यांना गंमत वाटते ती भुताच्या गोष्टीत गाणी आणि विनोद कसे काय, याची. पुसेगावच्या तंबूत हा प्रश्न कुणाला पडला नसता. तिकिटाच्या पैशात रडणे, हसणे, गाणे आणि भूत सगळे यायलाच हवे, हा तिथला हिशोब होता आणि रॅम्सेंनी तो चोख पाळला. तुलसी रॅम्से २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये निवर्तले.