निळ्या जोडीला काळी पिल्लं का होतात?

आमच्याकडून निळ्या कोचीन कोंबड्यांची जोडी नेली की काही महिन्यांनी हमखास फोन येतो. "नर निळा, मादी निळी, मग ही काळी पिल्लं कुठून आली? तुमच्या मालात भेसळ आहे." भेसळ नाही. निळ्या जोडीला काळी पिल्लं होणारच. हे विकतानाच सांगायला हवं, म्हणून आता प्रत्येक खोक्यात हे पत्रक घालतो.

कोंबडीचा निळा म्हणजे आकाशी नव्हे, ओल्या पाटीसारखा राखाडी. तिच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. काळा रंग फिका करणारा एक जनुक असतो. तो आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच आला तर पिल्लू निळं. दोघांकडून आला तर रंग इतका उतरतो की पांढुरक्या अंगावर राखाडी शिंतोडे तेवढे उरतात. याला आम्ही स्प्लॅश म्हणतो. कुणाकडूनच आला नाही तर काळं. म्हणजे निळा हा कायम मधला रंग. तो कितीही पिढ्या जपला तरी पक्का होत नाही.

स्पेनमधल्या अँडलुशिया प्रांताच्या नावाची निळी कोंबडी इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी फार निगुतीने पाळली. तिच्या प्रत्येक पिसाला गडद किनार हवी, हा त्यांचा आग्रह. काळी आणि शिंतोड्यांची पिल्लं ते काढून टाकत. पुढच्या वर्षी पुन्हा तीच हजर! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंब्रिजच्या विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी हा गुंता मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी सोडवला. बारावीच्या जीवशास्त्रातला पनेट चौकोन याच पनेटचा.

जोडी लावताना

निळा × निळी: निम्मी निळी, पाव काळी, पाव स्प्लॅश.
निळा × काळी: निम्मी निळी, निम्मी काळी.
निळा × स्प्लॅश: निम्मी निळी, निम्मी स्प्लॅश.
काळा × स्प्लॅश: सगळी निळी.

नर-मादी उलटसुलट केली तरी हिशोब तोच. शेवटची ओळ पुन्हा वाचा. सगळी पिल्लं निळी हवी असतील तर निळी जोडी घेऊच नका. काळा नर आणि स्प्लॅश तलंगा (तरुण माद्या) न्या. ज्यांना तुम्ही "वाया गेलेली" म्हणता, तीच पिल्लं इथे कामाला येतात. आमच्या अनुभवात निळ्यावर निळा सतत लावला की रंग विटका होत जातो आणि किनार पुसट होते. मधून एखादा काळा नर, तोही निळ्यांच्याच घराण्यातला, आणला की गडदपणा परत येतो.

हा हिशोब सरासरीचा आहे. निळ्या जोडीची चारच पिल्लं निघाली तर त्यांत एकही निळं नसणं सोळातून एकदा घडतं. बारा पिल्लांत नेमकी सहा निळी तर सरासरी चार-पाच खेपांतून एकदाच मिळतात. तीन-चार खेपा होऊ द्या, मग बोलू.

खरी भेसळ कशी होते

कुंपणावरून आलेल्या गावठी कोंबड्याने! मादीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणून जोडी इतर नरांपासून वेगळी केल्यावर पहिल्या तीन आठवड्यांतली अंडी खा, उबवायला ठेवू नका. दुसरा घोटाळा लॅव्हेंडर रंगाचा. तोही फिका राखाडी दिसतो, पण जनुक वेगळा. लॅव्हेंडर जोडीची सगळी पिल्लं लॅव्हेंडरच होतात, आणि शुद्ध काळ्यावर लावला तर सगळी काळी. बाजारात दोन्ही "ब्लू" म्हणून खपतात. घेताना आईबाप बघा.

कोचीन या नावावरून ती केरळची वाटते, पण जात मूळची चीनची आहे. पायांवर पिसं नसलेली "कोचीन" कुणी दिली तर रंगाची चर्चा नंतर.

निळ्या नराची मान आणि पाठ मादीपेक्षा गडद असते, तो दोष नाही. उन्हाने पिसं विटतात. म्हणून रंगाची तक्रार असेल तर पक्षी सहा महिन्यांचा होऊन पक्की पिसं आल्यावर, सावलीत काढलेला फोटो आणि पायातल्या कडीचा नंबर पाठवा. नंबरावरून आईबाप कोण ते आम्ही वहीत पाहून सांगतो.