वांगं तेल का पितं? मोरोक्कोच्या झालूकमागचं विज्ञान

रॉटरडॅमला आल्यावर पहिल्यांदा झालूक करायला घेतलं तेव्हा वांग्याच्या फोडी थेट तव्यावर टाकल्या, चार चमचे ऑलिव्ह ऑइल घातलं, आणि मिनिटभरात तवा कोरडा. परत घातलं, परत कोरडा. तिसऱ्यांदा घातल्यावर फोडी बाहेरून काळ्या व्हायला लागल्या, आत कच्च्याच, आणि शेवटी जे झालं ते खाताना ओठाला नुसतं तेल लागत होतं. वरच्या मजल्यावर मूळच्या नादोरच्या एक बाई राहतात, मी त्यांना खाल्ती म्हणते, मोरोक्कोत वयाने मोठ्या बाईला असंच हाक मारतात, अर्थ आपला मावशीच. खाल्तींनी वाटीत बोट बुडवून चव घेतली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाल्या, आधी त्याला बसू दे, मग तेल दे. बसू दे म्हणजे काय ते तेव्हा कळलं नाही. नंतर वाचत गेले, करत गेले आणि लक्षात आलं की उत्तर आफ्रिकेतली वांग्याची जवळजवळ सगळी थंड तोंडीलावणी या एका वाक्यावर उभी आहेत.

आधी झालूक म्हणजे काय ते सांगते. शिजवून कुस्करलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, पाप्रिका, कोथिंबीर, पार्सली, ऑलिव्ह ऑइल, वरून लिंबू. भरताचा लांबचा भाऊ म्हणा. मोरोक्कोत जेवणाआधी टेबलावर लहान लहान वाट्यांत गाजर, बीट, भाजलेली मिरची असे सात-आठ प्रकार मांडतात, त्यातला हा एक, आणि खायचा तो चमच्याने नाही तर खोब्ज नावाच्या जाड गोल पावाच्या तुकड्याने उचलून. ट्युनिशियात याच धर्तीवर हरिसा म्हणजे लाल मिरचीची चटणी आणि कॅरवे हा जिऱ्यासारखा मसाला घालून अजलूक करतात, अल्जीरियात चकत्यांना लसूण-व्हिनेगरचा मसाला लावतात, इजिप्तमध्ये छोटी लांबट वांगी चिरून आत लसूण-मिरची भरतात. चवी वेगळ्या, पण सगळीकडे पहिली पायरी एकच, वांग्यातली हवा बाहेर काढणं.

हवा कुठून आली? घरी करून बघा, बादलीभर पाण्यात एक बटाटा टाका आणि एक वांगं टाका. बटाटा तळाला जाईल, वांगं मस्त तरंगत राहील. आता गंमत अशी की वांग्यात सुमारे 92 टक्के पाणीच असतं, म्हणजे खरं तर ते पाण्याइतकंच जड असायला हवं, पण त्याच्या गरात पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नसतात, मधे मधे असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्या हवेने भरलेल्या असतात. कच्चं वांगं बोटाने दाबलं की जे स्पंजासारखं लागतं ते त्यामुळेच. भांडी घासायचा स्पंज जसा पाणी ओढतो तसा हा गर तेल ओढतो, बारीक पोकळ्यांत द्रव आपोआप चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसाच.

पण पेशींच्या भिंती कायम ताठ राहत नाहीत. त्यांना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन साधारण 80-85 अंश सेल्सिअसच्या पुढे भराभर विरघळायला लागतं, पेशींचा फुगा फुटतो, पाणी बाहेर येतं आणि पोकळ्या एकमेकींवर कोसळतात. पोकळीच राहिली नाही तर तेल राहणार कुठे? म्हणून तर तव्यावर खूप वेळ परतलं की आधी प्यायलेलं तेल वांगं परत सोडतं. आपण स्वयंपाकघरात "तेल सुटेपर्यंत परता" म्हणतो ना, ते वांग्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. फक्त कच्च्या वांग्याला तेल घालून ती वेळ येईपर्यंत तुम्ही तिप्पट तेल ओतलेलं असतं, माझं झालं तसं. खाल्तींचं "बसू दे" ते हेच, वांग्याला आधी खाली बसू द्यायचं, आणि मग तेल घालायचं.

बसवायचे रस्ते तीन. पहिला आपल्या ओळखीचा, विस्तवावर भाजणं. दुसरा वाफ. तिसरा मीठ.

भाजताना साल 100 अंशांच्या खूप वर जाते, काळी पडते, पण आतल्या गराचं तापमान पाणी आहे तोवर 100 च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे बाहेरून जळतंय आणि आत निवांत वाफवलं जातंय असे दोन स्वयंपाक एकाच वांग्यात चालू असतात. धुराची जी चव आपल्याला आवडते ती गॅसच्या ज्योतीतून येत नाही बरं का, गॅस तर जवळपास वासाशिवायच जळतो, ती येते सालीच्या जळण्यातून, तिथले मोठे रेणू तुटून धुराच्या वासाचे लहान रेणू तयार होतात आणि ते सालीखालच्या गरात मुरतात. लाकडावर किंवा तुरकाट्यांवर भाजलं तर लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनपासून ग्वायाकॉलसारखे आणखी रेणू मिळतात, म्हणून जळगावकडच्या भरताला तो वास. इथे माझ्याकडे इंडक्शन आहे, ज्योतच नाही, तर मी ओव्हनचा वरचा ग्रिल 240 वर ठेवून वांगं फिरवत फिरवत 40 मिनिटं भाजते. टोचे मात्र मारायचे. एकदा घाईत विसरले आणि आतली वाफ कोंडून वांगं ओव्हनमध्ये फुटलं, मोठा आवाज, दार उघडलं तर गर सगळ्या जाळीवर. सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी खोलवर टोचलं तरी पुरतं, वाफेला वाट हवी एवढंच.

खाल्ती मात्र भाजत नाहीत, त्या वाफवतात, आणि ते ज्या भांड्यात करतात ते बघून मला घरचं मोदकपात्र आठवलं. कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वाफवायचं भांडं, खाली पाणी किंवा रस्सा, वर भोकं असलेली चाळणी, त्याला कस्कास म्हणतात. वांग्याची साल त्या पूर्ण काढत नाहीत, एक पट्टा सोलतात एक ठेवतात, झेब्र्यासारखं दिसतं. पूर्ण साल ठेवली तर ती चिवट राहते आणि कुस्करत नाही, सगळी काढली तर रंग आणि थोडी पकड जाते. मोठ्या फोडी 20 मिनिटं वाफवल्या की त्या निम्म्या होतात, चाळणीत हलवून जास्तीचं पाणी गाळून टाकायचं आणि काट्याने कुस्करायचं. मिक्सर नको, अगदी पेस्ट झाली की झालूक राहत नाही.

टोमॅटो कधी घालायचा यावर मी बरीच डोकेफोड केली. कच्चं वांगं आणि टोमॅटो एकत्र शिजवणारेही खूप लोक आहेत, पण आंबटपणात पेक्टिन सहज विरघळत नाही, डाळीत चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही हे आपल्या आजीला माहीत होतं तेच कारण. त्यामुळे वांगं आधी वेगळं मऊ करून मग टोमॅटोत घातलं की वेळ आणि तेल दोन्ही वाचतं.

माझं प्रमाण असं: 2 मोठी भरताची वांगी म्हणजे साधारण 700 ग्रॅम, 4 पिकलेले टोमॅटो, लसणाच्या 4 पाकळ्या, 1 चमचा जिरेपूड, दीड चमचा पाप्रिका, 3 मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, मूठभर कोथिंबीर आणि मिळाली तर पार्सली, अर्धं लिंबू. पाप्रिका नसेल तर बेडगी मिरचीची पूड चालते, तिखटपणा कमी आणि रंग भरपूर. तेलात लसूण जरासा परतायचा, टोमॅटो घालून त्यांचं पाणी आटवायचं आणि मगच पाप्रिका-जिरं. तेलात सुरुवातीला का नाही? पाप्रिकाचा लाल रंग तेलात विरघळणारा आहे, पाण्यात नाही, म्हणून तेल तर लागतंच, पण त्या पुडीत साखर असते आणि नुसत्या तापल्या तेलात ती काही सेकंदात करपून कडू होते. टोमॅटोचा ओलावा असला की तापमान आटोक्यात राहतं आणि रंग सावकाश तेलात उतरतो. मग कुस्करलेलं वांगं, मीठ, मंद आच, 15 मिनिटं. चमचा तळाशी ओढला की जी वाट पडते ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे, वाट तशीच उघडी राहिली आणि तिच्या दोन्ही कडांना केशरी तेलाची बारीक रेघ दिसली की झालं. लिंबू गॅस बंद केल्यावर.

तिसरा रस्ता मीठ, तो अल्जीरियाच्या बादंजाल म्शर्मेलसाठी मला सगळ्यात पटतो कारण तिथे चकत्या अख्ख्या राहायला हव्यात. बोटभर जाडीच्या चकत्यांना मीठ चोळून अर्धा-पाऊण तास ठेवल्या की ऑस्मोसिसने पेशींतलं पाणी बाहेर येतं, चकत्यांवर थेंब दाटतात, ताटलीत तपकिरी पाणी साठतं आणि चकती वाकवली तर न मोडता वाकते. म्हणजे पोकळ्या बसल्या. धुऊन, कापडाने टिपून मग तळायच्या, तेल खूप कमी ओढतात. मग लसूण, जिरं, पाप्रिका, व्हिनेगर आणि थोडं पाणी यांचा मसाला उकळून त्यात मुरवायच्या. मिठाने कडूपणा निघून जातो असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे, थोडा कडवट रस पाण्याबरोबर जातो, पण मिठातला सोडियम जिभेवर कडू चवच दाबून टाकतो हा मोठा भाग. आणि आजकालच्या वाणांत कडूपणा मुळात कमीच असतो. जून, बियांनी भरलेलं वांगं मात्र मिठानेही सुधारत नाही, तेव्हा घेतानाच तुकतुकीत सालीचं घ्या, आणि फ्रीजमध्ये दिवसेंदिवस ठेवू नका, 10 अंशांच्या खाली वांग्याला थंडी बाधते, गर आतून तपकिरी पडतो.

चिरल्यावर काळं पडण्याचं कारण वेगळं. गरात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं आणि एक एन्झाइम वेगळ्या कप्प्यात असतं, सुरी फिरली की दोघांची भेट होते, त्यात हवेतला ऑक्सिजन, की रंग तपकिरी. लोखंडी विळीवर चिरलं तर आणखी गडद, कारण लोखंडाशीही ही द्रव्यं काळपट रंग देतात. आई फोडी मिठाच्या पाण्यात टाकायची त्याने ऑक्सिजनशी संपर्क तुटतो, लिंबू पिळलं तर आंबटपणाने एन्झाइम मंदावतं.

आता इजिप्त. बितिंगान मिखल्लिल हे खरं तर झटपट लोणचं, फूल म्हणजे घेवड्याच्या जातीतल्या बाकल्याच्या उसळीबरोबर आणि तआमिया या बाकल्याच्याच वड्यांबरोबर सकाळी खातात. बोटाएवढी लांबट वांगी मिठाच्या पाण्यात उकडायची किंवा तळायची, मधे चीर देऊन त्यात मिठाबरोबर ठेचलेला लसूण, मिरची, जिरं, धने भरायचे आणि व्हिनेगर-लिंबात बुडवायची. इथे लसूण ठेचणं आधी आणि आंबट नंतर हा क्रम सोडू नका. लसणाचा झणका पाकळीत तयार नसतो, पेशी फुटल्यावर अलिनेज नावाचं एन्झाइम तो बनवतं, आणि तीव्र आंबटपणात हे एन्झाइम काम सोडतं. आधी ठेचून पाच मिनिटं ठेवला तर पूर्ण झणका, लिंबाच्या रसातच ठेचला तर सौम्य. दुसऱ्या दिवशी बरणीत लसूण निळा-हिरवा दिसला तर घाबरू नका, मी पहिल्यांदा सगळी बरणी फेकून दिली होती, पण लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं आंबटात मिळून असा रंग करतात, ते खराब होणं नाही. बरणी मात्र फ्रीजमध्येच, चार-पाच दिवसांत संपवायची. तेलात लसूण घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, हवा नसलेल्या जागी बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

हे इजिप्तचं रूप झालूकपेक्षा जुन्या चवीच्या जवळचं असावं असं मला वाटतं, कारण टोमॅटो आणि मिरच्या दोन्ही अमेरिकेतून आल्या, 1492 नंतर, म्हणजे आजचं लालभडक झालूक त्याआधी असणंच शक्य नाही. वांगं मात्र तिथे कितीतरी आधी पोचलेलं, स्पेनमधल्या सेव्हिलच्या, शेतीवर लिहिणाऱ्या इब्न अल-अव्वामने 12व्या शतकातच वांग्याचे चार प्रकार नोंदवलेत. आणि ते गेलं आपल्याकडून. भाषेचे अभ्यासक माग असा लावतात की संस्कृतातल्या वातिंगणाचं फारसीत बादिंगान झालं, अरबीत बादिंजान, स्पेनमध्ये बेरेन्हेना, पोर्तुगीजांत बेरिंजेला, आणि पोर्तुगीज तो शब्द गोव्याला घेऊन आले तिथून इंग्रजीत ब्रिंजल. आपलं वांगं त्याच मुळाचं. मी खाल्तींना हे सांगितलं, त्यांच्याकडे बदेंजाल म्हणतात, त्यांनी दोनतीनदा "वांगं, वांगं" म्हणून बघितलं आणि हसल्या.

फ्रीजमधून काढल्या काढल्या झालूक वाढू नका. थंडीत ऑलिव्ह ऑइल घट्ट होतं आणि वासाचे रेणू उडत नाहीत, चव मुकी लागते. खाल्ती तासभर आधी वाटी ओट्यावर काढून ठेवतात, वर झाकण नाही, नुसतं एक जाळीचं कापड, आणि पाव भाजायला टाकला की मगच त्यावर ताजं तेल सोडतात, चमचाभरच.