‘टक्’ वेगळं, ‘फुस्स’ वेगळं

रायफलीचा चाप ओढला आणि नेहमीसारखा बार झाला नाही, की आपल्याकडे निदान एकच: ‘गोळी फुसकी निघाली.’ उपायही एकच: बोल्ट (मागचा सरकता दांडा) मागे, ती बाहेर, दुसरी आत, पुन्हा चाप. सोलापुरात एनसीसीच्या पोरांपासून उसात शिरणाऱ्या डुकरांसाठी परवान्याची बंदूक ठेवणाऱ्या बागायतदारापर्यंत सगळ्यांचं हेच. अमेरिकेत जाऊन गॅरेजात काडतुसं भरायला लागलेले आपले भाचे-पुतणेही फोनवर विचारतात, ‘काका, दोन-तीन फुसक्या निघाल्या, काय चुकलं असेल?’ मी विचारतो, टक् झालं की फुस्स झालं? त्यावर उत्तर येतं, ‘म्हणजे?’

कायद्याचं आधी सांगून टाकतो. वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) नवा प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी), पावडर आणि बुलेट (नळीतून सुटून जाणारा पुढचा भाग) बसवणं हा तिकडे छंद आहे, इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. तेव्हा होटगी रोडच्या फ्लॅटात काडतुसं भरायचा प्रेस बसवायचा बेत असेल तर तो सोडा. टक् आणि फुस्समधला फरक मात्र कारखान्यातून आलेल्या पॉइंट टू टूलाही (.२२ च्या छोट्या काडतुसालाही) तितकाच लागू आहे.

टक् बहुतेकांना माहीत असतं. पिन प्रायमरवर आपटली आणि पुढे काहीच नाही. गोळी मेलेली असेल किंवा उशिरा पेटणारी, म्हणजे हँगफायर असेल. त्या क्षणी दोन्हींचा आवाज सारखाच, म्हणून वागायचंही सारखंच: नळी टार्गेटकडे, बोल्ट बंद, निदान ३० सेकंद थांबायचं. हँगफायर बहुधा सेकंदाच्या आतच उडतो, ३० सेकंद ही त्यावरची सोय आहे. ठासणीच्या बंदुकीला त्याहून जास्त वेळ द्यावा. दिवाळीत वात विझल्यासारखी वाटली म्हणून सुतळी बॉम्बवर वाकून बघणाऱ्याला आपण शिव्या घालतो. टक् झाल्याबरोबर बोल्ट उघडणारा त्याच रांगेतला. बंद चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) पितळेला चारी बाजूंनी पोलादाचा आधार असतो. अर्धवट उघडलेल्या बोल्टात तो नसतो आणि फुटलेल्या पितळेचे तुकडे सरळ डोळ्यांकडे येतात.

घरी भरलेल्या काडतुसात टक् होण्याची कारणं साधी असतात. प्रायमर पूर्ण खाली बसलेला नसला तर पिनेचा पहिला ठोका तो खाली दाबण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्या ठोक्याला गोळी उडते. किंवा प्रायमरला तेल लागलेलं असतं. सोलापूरहून पार्सल गेलेली शेंगाचटणी खाऊन त्याच बोटांनी प्रायमर उचलायचे आणि मग कंपनीला नावं ठेवायची, हा प्रकार खरंच चालतो.

फुस्स मात्र वेगळीच भानगड आहे. इथे काहीतरी पेटलेलं असतं. प्रायमर उडाला, पण पुंगळीत पावडर नव्हती किंवा फारच कमी होती. तेवढ्या धक्क्याने बुलेट पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि तिथेच अडकते. टक् झाल्यावर धोका पुंगळीत असतो, फुस्स झाल्यावर तो नळीत जाऊन बसलेला असतो. पुंगळी तर रिकामी, निरुपद्रवी बाहेर येते, आणि लोक फसतात ते त्या रिकाम्या पुंगळीला बघूनच: चला, उडाली तर खरी! आणि पुढची गोळी आत सारतात.

बुलेट चेंबरच्या तोंडाशीच अडकली असेल तर पुढचं काडतूस नीट बसत नाही, बोल्ट बंद होत नाही. हे नशीब समजावं. त्यावर तळव्याने बोल्ट ठोकून बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं केलं की नवी बुलेट पुंगळीत मागे दाबली जाऊ शकते आणि दाब आणखी वाढतो. अडकलेली बुलेट चार बोटं पुढे गेली असेल तर मात्र नवं काडतूस लोण्यासारखं बसतं. चाप ओढला की मागून पूर्ण वेगाने आलेली बुलेट अडकलेल्या बुलेटवर आदळते आणि तिच्यामागचा वायू जागच्या जागी कोंडला जातो. नळी चेंबरपाशी जाड असते, पुढे बारीक होत जाते आणि हा कोंडमारा होतो बारीक भागात. पॉइंट टू टू असेल तर नळीला बांगडीसारखा फुगवटा येऊन निभावतं, मोठ्या रायफलीत नळी फाटू शकते.

बरं, कानावर मफ असतो, शेजारच्या लेनमध्ये बार चालू असतात, त्यात फुस्स ऐकू येईलच असं नाही. म्हणून कानावर विसंबू नका. खांद्याला धक्का कमी बसला, बोल्टापाशी धूर दिसला, टार्गेटवर भोक नाही, यातलं काहीही एक झालं की थांबा. टार्गेटवर भोक नाही म्हणजे नेम चुकला, हा नवख्यांचा अंदाज सर्वांत घातक. आधी टक्सारखेच ३० सेकंद थांबायचं, मग रायफल खाली करायची, बोल्ट काढून घ्यायचा आणि मागच्या बाजूने नळीत उजेड बघायचा. पुढच्या तोंडातून डोळा लावायचा नाही. उजेड आरपार दिसला नाही तर त्या दिवसाचं शूटिंग संपलं. अडकलेली बुलेट आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, काढेल. घरातली लोखंडी सळई घालून ठोकू नका, नळीच्या आतल्या पिळाच्या आट्या जातील. आणि दुसरी गोळी झाडून पहिली बाहेर काढतो म्हणणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नका.

फुस्सचं मूळ भरण्याच्या टेबलावर असतं, आणि तिथल्या माझ्या आवडीनिवडी ठाम आहेत. पावडर घातली की लगेच बुलेट बसवायची, असं एकेक करत जाणं मला पटत नाही. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करा, सगळ्यांत पावडर घाला आणि बुलेट बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत बघा. एक जरी रिकामी किंवा जास्त भरलेली असली तरी शेजारणींच्या पातळीत ती लगेच उठून दिसते. मध्येच फोन वाजला तर हातातली पुंगळी ओतून टाका आणि पुन्हा मोजा. टेबलावर पावडरचा एकच डबा.

तराजू ग्रेनवर आहे की ग्रॅमवर, हेही बघा. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन येतात, एवढं पुरे.

‘नवा आहे, म्हणून पावडर जरा कमीच घातली’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुस्तकात किमान वजन छापलेलं असतं ते शोभेला नाही. मोठ्या पुंगळीत सावकाश जळणारी पावडर किमानाहून कमी घातली तर ती नीट पेटत नाही. मग हँगफायर होतो, बुलेट अडकते, आणि क्वचित दाब उलटा भलताच चढतो.

तयार काडतूस कानाशी धरून हलवणाऱ्यांनी तो नाद सोडावा: काठोकाठ भरलेली पुंगळी आणि साफ रिकामी पुंगळी, दोन्ही आवाज करत नाहीत. वजन करून पावडर मुळीच नसलेलं काडतूस पकडता येईल, पण थोडी कमी असली तर तो फरक पितळेच्या वजनातल्या उन्नीस-बीसमध्ये हरवतो. म्हणून एक फुस्स निघाली की त्या खेपेची उरलेली काडतुसं झाडायची नाहीत. बुलेट पुलरने एकेक सोडवायची, पावडर टाकून द्यायची आणि सगळी नव्याने भरायची.