घरात मांजर, कुत्रं आणि चरखा: सूत आणि साधनं सांभाळायची कशी

आमच्याकडून लोकर, पेळू (कातायची कापसाची वळी), टकळी (चकती लावलेली, हाताने फिरवून कातायची दांडी) किंवा चरखा नेणाऱ्या साताऱ्यातल्या आणि आसपासच्या ग्राहकांसाठी

तुटलेली माळ (चाकावरून चातीला फिरवणारी दोरी), चावलेली टकळी, वाकलेली चात (चरख्याची सूत पिळणारी लोखंडी सळई). घरात जनावर असेल तर चरख्याची दुरुस्ती बहुतेक या तिघांचीच निघते. त्याबद्दल खाली सांगितलं आहे. पण सूत पुन्हा कातता येतं, पोटात गेलेला दोरा मात्र मांजराच्या जिवावर बेततो, म्हणून ते आधी.

दोरा गिळला तर

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. त्यामुळे तोंडात धरलेलं सूत त्याला थुंकता येत नाही, ते आतच सरकत जातं. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकलं की आतडी त्या दोऱ्यावर गोळा होतात. नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात ना, अगदी तशा. ताणलेला दोरा मग आतड्याला आतून कापत राहतो. जाड लोकरीपेक्षा बारीक सुती सूत आणि शिवणाचा दोरा यात जास्त वाईट.

वारंवार उलट्या, खाणं बंद, पलंगाखाली दडून बसणं, पोटाला हात लावू न देणं ही लक्षणं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर त्या एका ओढीने आतडं फाटतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, एरंडेल, दूध यातलं काहीही नको. उपाशी ठेवून थेट पशुवैद्याकडे न्या आणि त्याच सुताचा हातभर तुकडा सोबत घ्या. एक्स-रेमध्ये सूत दिसत नाही, सुई दिसते. म्हणून दोऱ्याला सुई होती का हे आठवून सांगा. ऑपरेशनची वेळ आली तर जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या.

कुत्र्याची तऱ्हा वेगळी. ते दोऱ्याशी खेळत बसत नाही, अख्खा गुंडाच गिळून टाकतं. काळजी तीच.

मुळात जनावरं सुताकडे का येतात

कुत्रं वासाने येतं. माण-खटावकडची न धुतलेली काळी लोकर म्हणजे त्याच्या नाकाला अख्खी मेंढी. लोकर धुऊन घेतली की निम्मं आकर्षण तिथेच संपतं. घोंगडीच्या ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावत असाल तर तो ताणा वाळेपर्यंत दार लावून घ्या. खळ चाटायला कुत्रंही येतं आणि रात्री उंदीरही.

मांजर हालचालीने येतं. लोंबत फिरणारी टकळी त्याला पालीच्या शेपटीसारखी दिसते, त्यात त्याचा काय दोष! पिल्लांचं कारण आणखी वेगळं: दात बदलत असतात, हिरड्या शिवशिवतात. पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत लाकडी टकळी जमिनीवर ठेवूच नका. त्याला चावायला काहीतरी त्याचं स्वतःचं द्या, पण जुन्या लोकरीचा बोळा देऊ नका. जुनी लोकर चालते आणि नवी चालत नाही, हे पिल्लाला कळत नाही.

कातून उठताना

माळ चाकावरून उतरवून ठेवा. ताण सुटलेलं चाक पंजा मारला तरी चातीला फिरवत नाही आणि माळही जास्त टिकते. चात काढून डब्यात टाका. येरवडा चक्र म्हणतात तो पेटी चरखा प्रवासात नेता यावा म्हणून तयार झाला, पण आमच्या मते बोका असलेल्या घरातही तोच बरा. झाकण लावलं, कडी घातली, झालं.

विणताना गुंडा चहाच्या किटलीत ठेवा, टपरीवर असते तसल्या अॅल्युमिनियमच्या. गुंडा आत, सूत नळीतून बाहेर, झाकण वर. बाजारात यासाठी महागडे वाडगे मिळतात, पण त्यांना झाकण नसतं, त्यामुळे मांजरापुढे त्यांचा काही उपयोग नाही. सुया मोजून उठा.

साठवण पत्र्याच्या पेटीत, आत सुती पिशवी. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल, पण नुसत्या पाल्यावर भिस्त ठेवू नका. दर तीन आठवड्यांनी लोकर बाहेर काढून झटकली आणि उन्हात घातली तरच कसर लागत नाही. रंगवणाऱ्यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) कुलपात ठेवावा.

आणि प्रत्येक लडीला चार ठिकाणी, आठच्या आकड्यासारखा फेर घेऊन, वेगळ्या रंगाच्या सुताने सैल बंध घाला. खादीची गुंडी, म्हणजे ठरावीक लांबीची लडी, १००० मीटरची असते. बंध नसलेली गुंडी मांजराने दोन मिनिटं खेळवली तर ती सोडवायला रविवार जातो. बंध असतील तर नुसती झटकली तरी बरीचशी जागेवर येते.

नुकसान झालंच तर

गुंता: टोक शोधून ओढायला लागू नका, गाठी आवळतात. गुंता ताटात पसरा, बाहेरच्या बाजूने बोटांनी सैल करत फुगवा आणि टोक आपोआप मोकळं झालं की ते पुठ्ठ्यावर गुंडाळत चला. लाळेने भिजलेलं सूत आधी सावलीत वाळवा. कुरतडलेला भाग कापून टाका, तिथला पीळ गेलेला असतो आणि विणल्यावर नेमका तिथेच तुटतो.

लघवी: लगेच थंड पाण्यात बुडवा. मग ५ लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, नंतर थोड्या शाम्पूने धुवा. चोळू किंवा पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. चोळलेली लोकर आळून घट्ट होते, मग ती सुटत नाही. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्लीच वर्ज्य. ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते. जमीन पुसायला फिनाइलही नको, मांजर पाय चाटतं आणि ते त्याच्या पोटात जातं.

चावलेली टकळी: दातांच्या खळग्यात सूत अडकून तुटतं. लाकूड एक दिवस वाळू द्या, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कच्च्या जवसाच्या तेलाचा हात द्या. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

वाकलेली चात: काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोटून पाहा. मधे उजेडाची फट दिसली तर ती वाकली आहे. लाकडावर ठेवून, फुगवटा वर करून, लाकडी हातोडीने अगदी हलके ठोके द्या आणि दर दोन ठोक्यांनी पुन्हा लोटून बघा. जमलं नाही तर इकडे घेऊन या, चात सरळ करण्याचे पैसे आम्ही घेत नाही. टकळीची नवी दांडी करून हवी असेल तर जुनी चकतीही सोबत आणा, तिच्या वजनावरून दांडीची जाडी ठरते.